बाथरूमचा रंग : सजावटीचा नव्हे, तब्येतीचा प्रश्न



आज विषय थोडा वेगळा आहे. घराचं रिनोव्हेशन काढलं की बाथरूमच्या टाइल्सवर घरात बरीच चर्चा होते. कोणाला हॉटेलसारखं काळं-करडं हवं असतं, तर कोणाला सगळं शुभ्र. वास्तू बघणारे एक सांगतात, इंटीरियरवाले दुसरं आणि मिस्त्री तिसरंच. या चर्चेत डॉक्टरला कोणी विचारत नाही. डॉक्टरची आठवण येते ती नंतर, आजी बाथरूममध्ये पडल्यावर.

म्हणून मी न विचारताच माझं मत सांगतो. फ्लॅटमधल्या चार बाय सातच्या बाथरूमचे रंग निवडताना पहिला प्रश्न "कसं दिसेल?" हा नसावा. पहिला प्रश्न असा असावा : घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला, रात्री दोन वाजता, डोळ्यांवर चष्मा नसताना, इथे काय काय दिसेल? हा प्रश्न सुटला की मग तुमची आवड, फॅशन, बजेट सगळं आनंदाने बघा.

हे मी इतकं ठासून का सांगतोय, ते आता बघू.

वय वाढलं की डोळा वेगळं बघतो

आपल्या डोळ्यातलं भिंग जन्मतः काचेसारखं स्वच्छ असतं. वय वाढतं तसं ते हळूहळू पिवळसर होतं आणि बाहुलीही लहान होत जाते. परिणामी साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणजे तुम्हाला जो उजेड पुरेसा वाटतो, तो तुमच्या वडिलांना संधिप्रकाशासारखा असू शकतो.

पिवळं भिंग निळा-जांभळा प्रकाश अडवतं. त्यामुळे गडद निळा आणि काळा, फिकट निळा आणि राखाडी, फिकट पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळेनासा होतो. मोतीबिंदू असेल तर हे आणखी वाढतं. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना मोतीबिंदू होता. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंगांचा भर दिसतो. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांना निळे रंग पुन्हा दिसू लागले. रंगांवर आयुष्य काढलेल्या माणसाची ही गत, तर आपल्या आजी-आजोबांचं काय!

त्यात भर म्हणजे काचबिंदू आणि मधुमेहामुळे पडद्यावर झालेला परिणाम. या आजारांत तक्त्यावरची अक्षरं नीट वाचणाऱ्या माणसालाही एकसारख्या रंगांतल्या वस्तूंच्या कडा ओळखणं जड जातं. आणि सगळ्यात साधी गोष्ट आपण विसरतो : आंघोळ करताना माणूस चष्मा काढून ठेवतो. म्हणजे घरातल्या सगळ्यात निसरड्या जागी तो सगळ्यात कमी बघत असतो.

पांढऱ्यावर पांढरं आणि काळ्यावर काळं

आपल्याकडे दोन प्रकारची बाथरूम्स फार दिसतात. पहिलं म्हणजे पांढऱ्या चकचकीत टाइल्स, पांढरी लादी, पांढरा कमोड, पांढरं बेसिन. "छोटी जागा आहे, पांढऱ्याने मोठी वाटते" हे त्याचं कारण, आणि ते चूकही नाही. पण तिथे सत्तरीतला माणूस आत आला की त्याला कमोड कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. मागे न बघता, अंदाजाने तो बसतो. अंदाज चार इंचांनी चुकला की खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

दुसरा प्रकार अलीकडचा. गडद करड्या किंवा काळ्या टाइल्स, काळे नळ, छतातून येणारा मंद पिवळा प्रकाश. मोबाइलवर फोटो फार सुंदर येतो. पण हॉटेलात आपण दोन रात्री राहतो आणि घरात तीस वर्षं. काळ्या लादीवर पाणी सांडलंय की नाही हे दिसत नाही आणि काळ्या भिंतीवरचा काळा नळ हाताला सापडत नाही. मुळात उजेड कमी, त्यात गडद भिंती तो उजेड गिळून टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक रस्ते अपघातांच्या खालोखाल लागतो. आपण हेल्मेटवर भांडतो, बाथरूमवर बोलत नाही. खुब्याचं हाड मोडल्यावर ऑपरेशन होतं, पण त्यानंतरचं अंथरूण, न्यूमोनियाची भीती, गेलेला आत्मविश्वास आणि "मला एकट्याला सोडू नका" हे वाक्य, याचं बिल कुठेच येत नाही.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण सांगतोच. "डॉक्टर, बाबांची लघवी हल्ली कमोडच्या बाहेर जाते, कितीही सांगा ऐकत नाहीत," अशी तक्रार सुना-मुलं माझ्याकडे नेहमी करतात. बाबा मान खाली घालून बसलेले असतात. त्यामागे प्रोस्टेट असू शकतं, हात थरथरणं असू शकतं, त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण कित्येकदा पांढऱ्या लादीवरचा पांढरा कमोड त्यांना नीट दिसतच नसतो. रागावण्याआधी एकदा सीटचा रंग बदलून बघा.

महत्त्वाचा आहे तो फरक

आता मुख्य मुद्दा. निळा चांगला की हिरवा, हा प्रश्न दुय्यम आहे. शेजारशेजारच्या दोन गोष्टींमध्ये उजळ-गडदपणाचा फरक किती, हे महत्त्वाचं.

याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. मंद प्रकाशात आपल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ काम थांबवतात आणि फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी उरतात. रात्रीच्या अंधुक उजेडात लाल आणि हिरवा दोन्ही काळपटच दिसतात. दुकानात ट्यूबलाइटखाली एकमेकांत उठून दिसणारे दोन रंग रात्री घरी एकरूप होतात ते यामुळेच.

प्रत्येक पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो याचं एक माप असतं. शुद्ध काळ्याला ० आणि शुद्ध पांढऱ्याला १००. ब्रिटनमध्ये अपंग आणि वृद्धांसाठीच्या इमारतींच्या नियमांत लगतच्या दोन पृष्ठभागांत या मापाचा साधारण ३० गुणांचा फरक ठेवायला सांगतात. हे आकडे तुम्ही पाठ करायची गरज नाही, कारण तुमच्या खिशात एक सोपं यंत्र आहे.

मोबाइलने बाथरूमचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. त्या फोटोत कमोडची कड, लादी आणि भिंत मिळतात ती रेघ, उंबरा आणि नळ स्पष्ट वेगळे दिसतात का? दिसत असतील तर रंग ठीक आहेत. सगळं एका करड्या रंगात मिसळून गेलं असेल, तर वयस्क डोळ्यांनाही ते तसंच दिसतंय. नव्या टाइल्स निवडतानाही भिंतीचं आणि लादीचं सँपल शेजारी ठेवून हीच परीक्षा घ्या. शक्य असेल तर सँपल घरी आणा, बाथरूमच्याच दिव्याखाली बघा आणि ते ओलं करूनही बघा. ओली टाइल जास्त गडद आणि जास्त चकचकीत दिसते.

मग कुठे कोणता रंग?

माझ्या मते छोट्या बाथरूमसाठी ही मांडणी सगळ्यात सोयीची :

१. भिंती उजळ. मळकट पांढरा, फिकट बदामी, फिकट करडा, काहीही चालेल. उजेड परतला पाहिजे आणि जागा कोंदट वाटता कामा नये. चकचकीतपणा मात्र कमी असू द्या, नाहीतर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांवर येतं.

२. लादी मध्यम गडद आणि मॅट. मातकट, मध्यम करडी, विटकरी. भिंतीपेक्षा स्पष्ट वेगळी, पण काळी नको. रंग कोणताही असो, खरखरीत अँटी-स्किड लादीला पर्याय नाही.

३. लादीवर नक्षी नको. काळे-पांढरे चौकोन, खडे-गोट्यांचा फोटो छापलेल्या टाइल्स, थ्रीडी डिझाइन हे सगळं टाळा. कमी दिसणाऱ्या माणसाला गडद चौकोन खड्ड्यासारखा आणि आडवी पट्टी पायरीसारखी वाटते. तो पाऊल उगाच उचलतो आणि तोल जातो.

४. उंबरा आणि पायरी उठून दिसणारी. आंघोळीची जागा आणि कोरडी जागा यांमधला दोन इंचांचा कट्टा लादीच्याच रंगाचा ठेवतात. ठेच लागते ती तिथेच. त्याची कड वेगळ्या रंगाची करा.

५. आधाराचे दांडे भिंतीपेक्षा गडद. उजळ टाइल्सवर चकचकीत स्टीलचा दांडा दिसत नाही. गडद निळा, तपकिरी किंवा लाल दांडा घसरतानाही पटकन हाताशी येतो. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, तो वजन पेलत नाही.

६. बादली, मग, स्टूल रंगीत. पांढऱ्या लादीवर पांढरं स्टूल किंवा पारदर्शक मग ठेवू नका. आपल्या जुन्या मोरीतली लाल बादली आणि पितळी तांब्या या बाबतीत बरे होते.

कमोड मात्र पांढराच

इतकं रंगाचं कौतुक केल्यावर एका ठिकाणी मी हट्टी आहे. कमोडचं भांडं आतून पांढरंच हवं. गडद किंवा रंगीत कमोड घेऊ नका. सीट हवी तर रंगीत घ्या, किंबहुना घ्याच.

कारण तुमचं शरीर रोज सकाळी त्या भांड्यात एक रिपोर्ट टाकत असतं, आणि तो फुकट असतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो वाचता येतो :

- लघवी लालसर किंवा कोलासारखी होणं, विशेषतः दुखत नसताना. पन्नाशीच्या पुढच्या, त्यातून तंबाखू-सिगारेटची सवय असलेल्या माणसात हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. असं रक्त एकदाच दिसून आठवडे गायबही होतं. तो एकच दिवस निसटला तर निदान लांबतं.
- शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि विचित्र वासाचं होणं. हे जठर किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असल्याचं लक्षण असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ठरवायचं काम डॉक्टरांवर सोडा.
- शौचाबरोबर लाल रक्त. "मूळव्याध असेल" म्हणून स्वतःच निकाल लावू नका.
- शौच मातीसारखं फिकट आणि लघवी गडद. पित्ताचा मार्ग अडल्याचं हे चिन्ह आहे.
- लघवीला सतत फेस. प्रथिनं जात असतील. मधुमेह आणि बीपी असलेल्यांनी लघवीची तपासणी करून घ्यावी.

घाबरवायचं नाही म्हणून हेही सांगतो : बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होऊ शकते आणि टीबीच्या रिफाम्पिसिनने ती केशरी होते. हे बदल निरुपद्रवी आहेत.

आणि हो, फ्लशच्या टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्या. पाणी निळं झालं की स्वच्छ वाटतं, पण त्या पाण्यात लघवीचा खरा रंग कळत नाही आणि थोडंसं रक्त सहज लपतं. घरात मूत्रविकाराचा, यकृताचा किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा पेशंट असेल तर या गोळ्या बंदच ठेवा. कमोड घासून स्वच्छ होतो, निळ्या पाण्याने नव्हे.

लादीबाबतही हाच न्याय. मधुमेहात पायाच्या संवेदना कमी झालेल्या माणसाला जखम झाल्याचं कळत नाही. फार गडद नसलेल्या एकरंगी लादीवर रक्ताचा डाग दिसतो. काळ्या किंवा मरून लादीवर तो जिरून जातो.

आरसा, दिवा आणि त्वचेचा रंग

छोट्या खोलीत भिंतीचा रंग चेहऱ्यावर पडतो. गुलाबी भिंतीत फिकट माणूसही टवटवीत दिसतो आणि गर्द हिरव्या भिंतीत निरोगी माणूस आजारी. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या भिंती म्हणूनच सौम्य रंगाच्या ठेवतात, म्हणजे बाळाच्या त्वचेचा खरा रंग कळावा. शस्त्रक्रियेच्या खोलीतला हिरवा रंगही असाच कामापोटी आला. १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोतले सर्जन हॅरी शर्मन यांना पांढऱ्या खोलीतली चकाकी त्रास देत होती, म्हणून त्यांनी हिरवा रंग निवडला. वैद्यकात रंग असा काम बघून निवडतात. घरातही तसंच करायला काय हरकत आहे?

मंद पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते, डोळ्यांचा पांढरा भाग तपासता येत नाही, तीळ बदललाय का कळत नाही. म्हणून आरशाजवळ स्वच्छ पांढरा दिवा असावा. कावीळीची शंका असेल तर मात्र खिडकीशी, दिवसाच्या उजेडातच बघा.

रात्रीसाठी वेगळा, पायाशी लागणारा छोटा पिवळसर दिवा ठेवा. झोपेतून उठून एकदम लख्ख पांढरा दिवा लावला की वयस्क डोळे दिपतात, आणि बंद केल्यावर अंधाराला सरावायला त्यांना वेळ लागतो. बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचं उठल्यावर बीपी खाली येऊ शकतं. चक्कर आणि अंधार एकत्र आले की घात होतो. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा.

घरात स्मृतिभ्रंशाचा पेशंट असेल तर

अल्झायमर्समध्ये डोळे ठीक असूनही मेंदूला कडा आणि खोली ओळखणं कठीण जातं. दारातलं काळं पायपुसणं त्यांना खड्डा वाटतं आणि ते आत यायलाच नकार देतात. आपण म्हणतो, "हट्टीपणा करतात". २००४ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्याऐवजी ठळक रंगाच्या ताटात वाढल्यावर असे पेशंट जास्त जेवले. ते ताटाबाबत होतं, पण तत्त्व तेच. बाथरूमचं दार इतर दारांपेक्षा वेगळ्या रंगाचं आणि कमोडची सीट ठळक रंगाची ठेवली, तर कित्येकांना वाट सापडते.

निळ्या रंगाने बीपी उतरतं का?

असे मेसेज फिरत असतात. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या एका नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवली आणि कैदी शांत झाले असं जाहीर झालं. पुढच्या काटेकोर अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. आवडीचा रंग बघून बरं वाटतं, एवढं खरं. पण निळ्या टाइल्स हा बीपीच्या गोळीला पर्याय नाही. आणि काळे रंग "मळखाऊ" म्हणून घेत असाल, तर लक्षात ठेवा : सांध्यांतली काळी बुरशी गडद रंगात लपते, संपत नाही. ओल आणि बुरशीने दम्याचा त्रास वाढतो. बुरशी दिसली पाहिजे, म्हणजे ती घासली जाईल आणि एक्झॉस्ट फॅन दुरुस्त होईल.

तोडफोड न करता

"डॉक्टर, घर भाड्याचं आहे," किंवा "आत्ताच काम करून घेतलंय," असं म्हणणाऱ्यांसाठी, काही शे रुपयांत होणाऱ्या गोष्टी :

- कमोडला गडद रंगाची सीट.
- उंबऱ्याच्या कडेला रंगीत अँटी-स्किड पट्टी.
- रंगीत बादली, मग आणि घट्ट पायांचं रंगीत स्टूल.
- स्टीलच्या दांड्यांवर गडद, पकड देणारी टेप.
- पायाशी छोटा रात्रीचा दिवा.
- सरकणारं पायपुसणं काढून टाका. मॅट हवीच असेल तर खाली चिकटणारी, लादीपेक्षा थोडी वेगळी, पण काळी नको.

"मग घर हॉस्पिटलसारखं दिसेल!"

हा आक्षेप मला माहीत आहे. पण बदामी भिंती, विटकरी लादी आणि गडद निळे दांडे यांत हॉस्पिटलसारखं काय आहे? आणि हे फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही. लहान मुलं, गरोदर बाई, मायग्रेनने डोकं धरून आलेला तरुण, चष्म्याशिवाय काही न दिसणारे तुम्ही, सगळ्यांची सोय यात आहे.

एक मर्यादाही स्पष्ट सांगतो. रंग एकटा कोणाला पडण्यापासून वाचवत नाही. खरखरीत लादी, पक्के दांडे, पुरेसा उजेड, वेळेवर केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गोळ्यांचा आढावा आणि पायांचा व्यायाम यांच्या जोडीला रंग आहे. वर्षभरात कोणी दोनदा पडलं असेल तर टाइल्सच्या दुकानाआधी डॉक्टरकडे जा.

टाइल्स निवडायला जाताना शोरूममध्ये आई-वडिलांना सोबत न्या. पैसे तुम्ही देणार असलात तरी रात्री तीनदा उठून तिथे जाणार आहेत ते. दोन सँपल्स ओली करून त्यांच्यासमोर ठेवा, त्यांना चष्मा काढायला सांगा आणि विचारा, "आई, कड दिसते का?" त्या उत्तरावर रंग ठरवा.

काळजी घ्या, सांभाळून चाला.